उजव्या कानासाठी इंग्रजी

आमच्या घरात भांडणंसुद्धा आवाज न करता व्हायची. आई बाबांवर चिडली की तिचं तोंड भराभरा चालायचं, हात चालायचे, भुवया कपाळात जायच्या, पण बाहेर ओट्यावर बसलेल्या माणसाला वाटावं, आत कुणी नाहीच. बाबा तिच्या ओठांकडे बघत बसायचे आणि पुढचं ऐकायचं नसलं की सरळ डोळे मिटून घ्यायचे. आई मग आणखीच भडकायची. डोळे मिटलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

बाबा कापड मिलमध्ये विणाई खात्यात होते. एका छपराखाली इतके माग एकदम खडखडायचे की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नसे. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलायची. आवाज काढायचा नाही, नुसतं तोंड ठळक हलवायचं. चार माग पलीकडे उभा असलेला माणूसही ते वाचायचा आणि तिथूनच उत्तर द्यायचा. बाबा मिसरूड फुटायच्या आधी तिथे लागले होते. मला कळायला लागलं तोवर त्यांचा डावा कान पुरता गेला होता. उजव्यात थोडं शिल्लक होतं, ओरडून बोललं तर त्या कानाला ऐकू यायचं. पण नागपुरातल्या जरीपटक्याकडच्या आमच्या मोहल्ल्यात घराला घर लागलेलं. ओरडून बोललेलं बाबांच्या आधी शेजाऱ्यांना कळायचं, आणि आईला ते मुळीच खपत नसे. त्यामुळे आम्ही सगळ्याच मिलवाल्यांसारखं बोलायला शिकलो. थोरल्या दोन बहिणी लग्न होऊन गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो, आणि घर आणखीच मुकं झालं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. बाबांचा उजवा कान फुटला म्हणून मी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, स्पष्ट बोलणारा. त्याने कान तपासला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मशीनच्या आवाजातच राहिले तर हाही जाईल. काम बदलायला सांगा." बाबा त्याच्या ओठांकडे बघतच होते. त्यांनी मान हलवली, जणू दुसऱ्या कुणाबद्दल चाललं होतं.

काम बदलायला सांगा म्हणे! मिलमध्ये बाबांनी दुसरं खातं मागून पाहिलं. तिथे असलेल्यांनाच काम पुरत नव्हतं. मिल सोडावी तर खायचं काय, हा प्रश्न आईने ओठांनी विचारला आणि बाबांनी त्या वेळी डोळे मिटले नाहीत. ते माझ्याकडे वळले आणि मोठ्याने बोलले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते बोलले की गल्लीभर जायचं.

"तू लागली का मी मिल सोडतो. त्याच दिवशी सोडतो."

मी बी. ए. झाले होते. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनांच्या जागा निघायच्या. लेखी परीक्षा असायची, मुलाखत नव्हती. यादीत नंबर आला की नोकरी. मी ती परीक्षा दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा इंग्रजीच्या पेपरात आपटले होते. आता तिसरी खेप. पुढच्या वेळेपर्यंत माझं वय उलटून जाणार होतं, म्हणजे हीच शेवटची. बाबांचा कान माझ्या इंग्रजीला लटकला होता. आई शेजारणीलाही तसंच सांगायची. "हिचं इंग्रजी निघलं तं याह्यचा कान वाचते," ती म्हणायची आणि ती बाई माझ्याकडे अशी बघायची की मला घरात पळून जावंसं वाटायचं.

त्या इंग्रजीच्या पेपरात एक भाग असायचा, त्याने मला दोन्हीदा बुडवलं. एक वाक्य द्यायचे, त्याचे चार तुकडे पाडायचे आणि विचारायचे, चूक कोणत्या तुकड्यात? काळ चुकला, वचन चुकलं, तर मला दिसायचं. पण काही वाक्यांत सगळं ठीक असायचं. प्रत्येक तुकडा सुटा बघितला तर बरोबर, आणि तरीही वाक्य चूक. 'शी इज फाँड ऑफ कुकिंग, सिंगिंग अँड टू स्यू.' मी हे वाक्य घेऊन तासन्‌तास बसायचे. टू स्यू म्हणजे शिवणं. शिवण्यात काय चूक आहे बाई? मराठी शाळेत पाचवीपासून शिकलेलं आमचं इंग्रजी. शब्द ओळखीचे होते, पण त्यांनी एकमेकांशेजारी कसं बसायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

ते सांगितलं ताईने. ही ताई नात्यातली नव्हे. दोन गल्ल्या सोडून राहायची, तसल्याच एका कार्यालयात कारकून होती, आणि आमच्याकडून ऑफिसात गेलेली पहिलीच मुलगी म्हणून सगळ्यांची ताई झाली होती. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की ती आम्हाला तिथेच बसवून घ्यायची. मोठी माणसं घरी जायची, सतरंजी तीच, अगरबत्तीचा वास तोच, आणि ताई खडू घेऊन उभी. ती दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा लागली होती, त्यामुळे तिला दयामाया नव्हती.

मी ते शिवणकामाचं वाक्य तिच्यापुढे टाकलं.

"काहून चूक हाय हे, ताई?"

ती म्हणाली, "आत्ता वंदना घेतली ना? त्रिशरणाच्या तीन ओळी म्हनल्या, बुद्धं, धम्मं, संघं. तिन्हीची चाल एक हाय का नाही?"

"हाय."

"तिसऱ्या ओळीले एखादीनं मधातच चाल बदलली तं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "तं तिले बाहेर काढा!"

"मंग तेच करा," ताई म्हणाली. "कुकिंग, सिंगिंग, आन टू स्यू. कोन चाल सोडून राहिलं? त्याले काढा, आन सिविंग बसवा. डोयानं पाहू नका. मोठ्यानं म्हना."

आणि आम्ही म्हटलं. पंधरा-वीस पोरीपोरांनी एका सुरात, वंदना म्हणतात तसं, 'कुकिंग, सिंगिंग अँड सिविंग'. मला अजून आठवतं, अंगावर काटा आला होता. लहानपणापासून कान ज्या गोष्टीला सरावला होता, तीच ही गोष्ट होती आणि कुणी मला सांगितली नव्हती. रागच आला थोडा.

मग ताईने तेच सुरू केलं. व्याकरणातली नावं ती सांगायची, आम्ही लिहून घ्यायचो आणि विसरायचो. पण प्रत्येक वाक्य दोनदा मोठ्याने म्हणायचं, आणि कान जिथे ठेचकाळेल तिथे हात वर करायचा. 'नॉट ओन्ली' आलं की पुढे 'बट ऑल्सो' शोधायचं आणि दोन्हीच्या मागे काय बसलंय ते बघायचं, कावडीच्या दोन टोकांना सारखं वजन लागतं तसं. एका टोकाला क्रियापद आणि दुसऱ्याला नाम लटकलेलं असलं की आम्हाला ते ऐकू यायला लागलं. हात वर जायचे. कधी सगळ्यांचे एकदम, कधी एकटा माझाच, आणि मग माझा चुकलेला असायचा.

एकदा तर आम्ही सगळेच चुकलो. ताईने फळ्यावर लिहिलं, 'द समर ऑफ नागपूर इज हॉटर दॅन पुणे.' दोनदा म्हटलं. एकाचाही हात वर नाही.

"बरोबर हाय," सगळे म्हणाले.

"कसं काय बरोबर हाय?"

"ताई, आपला उन्हाळा जास्तच हाय ना!"

ताईने खडू खाली टाकला. "बाप्पा! उन्हाळा शहराशी तोलता का तुम्ही? उन्हाळ्याले उन्हाळ्याशी तोला. दॅन दॅट ऑफ पुणे." तरी एक पोरगी कुरकुरत राहिली की पुण्यात काही उन्हाळा नसतो, तिची मावशी तिथे असते. वाक्य खरं आहे म्हणून बरोबर धरायचं, हा आमचा मोठाच दोष होता. नागपूरच्या उन्हाबद्दल कुणी काही बोललं की आम्ही त्याचं व्याकरण बघायचोच नाही.

घरी मी मागच्या अंगणात बसून मोठ्याने वाचायचे. बाबा पहिल्या पाळीहून आले की जेवून समोर येऊन बसायचे आणि माझ्या ओठांकडे बघत राहायचे. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण त्यांना तो खेळ वाटायचा. माझं तोंड जरा वेगळं झालं की ते बोट दाखवायचे.

"इथं चुकलं!"

"नाही चुकलं बाबा, बरोबर हाय."

"मंग इथं."

"इथंही नाही."

दहातला एखादा त्यांचा अंदाज लागायचा, तोही चुकून. मग दुसऱ्या दिवशी मिलमध्ये चार मागांपलीकडे ओठांनी बातमी जायची की पोरीचं इंग्रजी आपण तपासतो. मी हसायचे, पण आतून हसू येत नसे. ते सकाळी पाळीला निघाले की मला वाटायचं, आज कान आणखी किती जाईल? मी त्यांना पारखायला लागले. ते पाठमोरे असताना उजव्या बाजूने हाक मारायची आणि बघायचं. बहुतेक वेळा ते वळायचे. जेव्हा वळायचे नाहीत तेव्हा मी स्वतःची समजूत घालायचे की बाहेर ट्रक गेला, हाकच बारीक गेली. असल्या समजुती घालण्यात मी पटाईत झाले होते.

परीक्षा शहरातल्या एका कॉलेजात होती. मोठा हॉल, उंच खिडक्या, एकेका बाकावर एकेक जण. माझ्या डाव्या हाताला पलीकडच्या रांगेत चष्मेवाली एक मुलगी बसली होती. गणित झालं, सामान्य ज्ञान झालं. इंग्रजीचा पेपर हातात आला आणि मी तो भाग उघडला. पहिलं वाक्य वाचलं. डोळ्यांनी. दुसऱ्यांदा वाचलं. काहीही झालं नाही. चारही तुकडे आपापल्या जागी गप्प बसले होते. तिसरं वाक्य घेतलं, चौथं घेतलं, तेच. आणि मग लक्षात आलं की आम्ही हे कधी मनात वाचलेलंच नव्हतं. एवढ्या रविवारांत, एकदाही नाही. माझा कान तयार झाला होता, आणि या हॉलमध्ये कानाला खायला काही नव्हतं.

मी पुटपुटायला लागले. अगदी हळू, ओठातल्या ओठात. आणि लगेच पहिल्या वाक्यात ठेच लागली. हायसं वाटलं, एवढ्यात समोरून आवाज आला, "बोलू नका." हॉलवर देखरेख करायला एक मध्यमवयीन सर होते, कपाळावर कायमची आठी. मी मान हलवली. दोन वाक्यं डोळ्यांनी पाहिली. आंधळ्यासारखी. परत पुटपुटले. सर चालत आले आणि बाकापाशी उभे राहिले. "आता आवाज आला तर पेपर काढून घेईन."

आवाज नको ना? ठीक आहे. आवाजाशिवाय बोलणं तर आमच्या घरातच होतं. मी घसा बंद केला आणि ओठ चालवायला लागले, बाबांशी बोलते तशी, ठळक, स्वच्छ. एकेक शब्द ओठांवर आला की मला तो ऐकू आल्यासारखाच व्हायचा. उत्तरं सापडायला लागली. माझी भीती गेली. इतकी गेली की मी मान वर करून, खिडकीकडे बघत, सगळं वाक्यच्या वाक्य ओठांनी म्हणत होते. खिडकी डावीकडे होती आणि खिडकीच्या नि माझ्या मधे ती चष्मेवाली मुलगी होती.

उत्तरपत्रिका माझ्या हाताखालून निघून गेली तेव्हा मला कळलं की सर परत आलेत.

"किसको बता रही थी?"

मला काही समजेचना. चष्मेवाली माझ्याकडे बघत होती आणि तिने दोन्ही हातांनी आपला पेपर झाकून घेतला होता.

"कुनाले नाही सर. मी वाचून राहिली होती."

"बाहेर बघून वाचत होतात?"

"सर, माझ्या बाबांना ऐकू येत नाही," मी म्हणाले. त्या क्षणी मला तेच सगळ्यात महत्त्वाचं कारण वाटलं.

"तुमच्या बाबांचा इथे काय संबंध?"

खरंच काय संबंध? मिल सांगू, विणाई खातं सांगू, की मोहल्ला सांगू? सगळा हॉल माझ्याकडे बघत होता आणि प्रत्येक शब्दागणिक माझी वेळ जात होती. मी हात जोडले. लाज वाटली नाही, नंतर वाटली. सर टेबलाशी गेले, दुसऱ्या एकाशी बोलले, माझा नंबर विचारून एका कागदावर लिहून घेतला. मग मला उठवून सगळ्यात पुढे, फळ्याला तोंड करून एकटीला बसवलं आणि उत्तरपत्रिका समोर टाकली. फळ्याला काही माझे ओठ वाचता येत नव्हते. उरलेला पेपर मी त्या काळ्या फळ्याशी बोलत सोडवला, आणि शेवटची काही वाक्यं राहून गेली.

घरी सांगितलं, पेपर बरा गेला. ताईलाही तेच सांगितलं. पण तो कागद माझ्या डोळ्यांपुढून हलेना. सरांनी नंबर का लिहून घेतला? वर पाठवला असेल का? कॉपी करताना पकडली असं लिहिलं असेल तर माझा पेपर तपासणारसुद्धा नाहीत. पोलिसांत तर देत नाहीत ना? निकालाला महिनोन्‌महिने लागायचे. मी जेवताना तेच, भांडी घासताना तेच, वंदनेत सगळे डोळे मिटून बसले की मला तो कागदच दिसायचा. बाबा रोज पाळीला जात होते, रोज येऊन विचारत होते, "आला का वं काही कागद?" आणि मी नाही म्हणत होते.

एका दुपारी मी सुपात तांदूळ निवडत बसले होते. बाबा पलीकडे खाटेवर आडवे होते. अचानक त्यांचा मोठा आवाज आला.

"कोनं लिहून घेतला नंबर?"

माझ्या हातून सूप सुटलं. मी स्वतःशीच बोलत होते. आवाज न करता, नेहमीसारखी, आणि खाटेवरून बाबा ते सगळं वाचत होते. कितीतरी दिवस वाचत असतील. आमच्या घरात मनातलं बोलायचीसुद्धा सोय नव्हती!

मी रडत रडत सगळं सांगितलं. बाबा उठून बसले. मला वाटलं चिडतील. ते जमिनीवर सांडलेले तांदूळ मुठीने सुपात भरायला लागले. मग म्हणाले, "म्हंजे माह्या कानापायी झालं हे."

"नाही बाबा."

"मंग कोनाच्या? तुले असं बोलायची आदत कोनापायी लागली?"

त्या संध्याकाळी त्यांनी फर्मान काढलं. घरात यापुढे सगळ्यांनी आवाजाने बोलायचं. नुसते ओठ हलवायचे नाहीत. "मले उजव्यानं आयकू येते. जोऱ्यानं बोला," ते म्हणाले. आई म्हणाली, अख्ख्या मोहल्ल्याले कळन. "कळू दे," बाबा म्हणाले. आणि आमचं मुकं घर एकदम बोलकं झालं. भाजीत मीठ कमी पडलं तर तीन घरांपलीकडून सल्ला यायला लागला. आईची भांडणं लोक ओट्यावर बसून ऐकायला लागले आणि तिला उलट त्यात गोडी वाटायला लागली. बाबा समोर बसून आमच्याकडे टक लावून बघायचे आणि बरोब्बर उत्तरं द्यायचे. मला बरं वाटायचं. कान अजून आहे, मी म्हणायचे. एकदा ते खाटेवर पाठमोरे बसून चपलेचा अंगठा शिवत होते. मी उजव्या अंगाने चहा म्हणून दोनदा ओरडले, तरी वळले नाहीत. समोर गेले तर म्हणाले, "डोया लागला होता वं." हातात सुई-दोरा धरून कुणाचा डोळा लागतो, हे मी स्वतःला विचारलं नाही.

यादी लागल्याचं ताईने ऑफिसातून निरोप पाठवून कळवलं. मी सायकल काढली. कार्यालयाच्या फलकापुढे ही गर्दी. मला आधी माझा नंबर दिसला, मग दिसेनासा झाला, मग परत दिसला. शेजारच्या अनोळखी माणसाला मी म्हटलं, हा नंबर वाचा. त्याने वाचला. परत वाचा म्हटलं. त्याने परत वाचला आणि बाजूला सरकला. सरांनी नंबर का लिहून घेतला होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही. कदाचित त्यांनी तो कागद तिथेच टाकला असेल. मी मात्र तो इतके महिने उरावर घेऊन हिंडले.

परतताना मी रस्ताभर एकटीच हसत होते. मोहल्ल्यात शिरले तर बाबा ओट्यावर गल्लीकडे पाठ करून बसले होते, स्टोव्हची पिन मारत. पहिली पाळी करून नुकतेच आले असावेत, सदऱ्यावर कापसाचं पांढरं तसंच होतं. मी सायकल भिंतीला टाकली. फर्मान आठवलं. जोऱ्यानं बोला. मी त्यांच्या उजव्या खांद्यामागे गेले, वाकले आणि पोटातला सगळा जोर लावून कानाशी ओरडले.

"बाबा! यादीत माहा नंबर लागला!"

समोरच्या दारातून शेजारीण ओल्या हातांनी बाहेर आली. पलीकडच्या ओट्यावरचा म्हातारा उठून उभा राहिला. नळावरच्या बायका वळल्या. आतून आई धावत आली. बाबांनी स्टोव्हमधली पिन काढली आणि परत घातली.

मग त्यांची नजर समोरच्या शेजारणीवर गेली. तिचं हसणं त्यांनी पाहिलं, म्हाताऱ्याचे वर गेलेले हात पाहिले, आणि हे सगळे कुठे बघताहेत म्हणून ते मागे वळले.

"काय झालं वं?"

मी त्यांच्यापुढे येऊन खाली बसले आणि ओठांनी सांगितलं, जुन्या पद्धतीने. त्यांनी वाचलं. मग मी विचारलं, कधीपासून?

"झाले दिवस," ते म्हणाले. "तुही परीक्षा व्हायच्या आधीच गेला."

मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं. मग काहून गेले एवढे महिने मिलमध्ये? काहून नाही सांगितलं? मी आवाज करत होते की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी सगळं वाचलं.

"तू त्या कानासाठीच अभ्यास करून राहिली होती," ते म्हणाले. "कान गेला म्हनलं असतं तं कायच्यासाठी केला असता?"

आई दारातच खाली बसली. गल्लीतली माणसं जवळ येत होती, काय झालं, नंबर लागला ना, मग पोरगी रडते कशाला, असं एकमेकांना विचारत. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, रॉकेलचा वास असलेला. उद्या जाऊन मिल सोडून येतो म्हणाले. मग ओट्यावर जरा सरकून त्यांनी गल्लीकडे नीट तोंड केलं.

"आता अजून एकडाव सांग," ते म्हणाले. "मोठ्यानं सांग सगळ्याईले. मले पाहू दे."